अ‍ॅक्शन प्लॅटफॉर्मरमध्ये लढाई आणि उडी एकमेकींपासून वेगळ्या का पडतात?

भिंतउडी यांचा प्रश्न:

‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’, ‘नाइन सोल्स’, ‘निन्जा गायडन: रेजबाउंड’, ‘शिनोबी: आर्ट ऑफ व्हेंजन्स’ आणि ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ हे खेळ मी अलीकडे एकापाठोपाठ एक खेळलो. पहिले दोन २०२४ मधले आहेत, तर उरलेले तीन २०२५ मध्ये जुलैची अखेर ते सप्टेंबरची सुरुवात एवढ्याच अवधीत आले. या सगळ्या अ‍ॅक्शन प्लॅटफॉर्मर खेळांत, म्हणजे उड्या घेत आणि लढत पुढे जायच्या खेळांत, धावणे, उडी, डॅश (झटक्यात पुढे सरकणे) आणि जवळून करायचे वार आहेत, आणि तरीही काही खेळांत मी तासन्‌तास न कंटाळता हरत राहिलो, तर काहींत जिंकूनही समाधान वाटले नाही. त्यावरून माझे एक मत बनले आहे: लढाई आणि उडी एकजीव असतील तरच असा खेळ रंगतो. ते खाली मांडतो आणि शेवटी ज्या गोष्टीवर माझे उत्तर ठरत नाही ती विचारतो.

रेजबाउंडपासून सुरुवात करतो, कारण मला काय म्हणायचे आहे ते त्यात सर्वांत लवकर दिसते. ‘ब्लास्फेमस’ बनवणाऱ्या स्पेनच्या द गेम किचनने तो केला आहे. हवेत असताना शत्रूवर, किंवा त्याने फेकलेल्या अस्त्रावर, नेमक्या क्षणी उडीचे बटण पुन्हा दाबले की नायक केंजी त्यावरून गिरकी घेत वर उसळतो. त्यामुळे खड्ड्यावर घिरट्या घालणारा शत्रू अडथळाही असतो आणि पलीकडे जाण्याची पायरीही. त्यातच निळ्या प्रभेचा शत्रू तलवारीने किंवा गुलाबी प्रभेचा शत्रू कुनाईने (फेकायच्या सुऱ्याने) मारला की पुढचा एक घाव इतका जबर होतो की एरवी बराच वेळ खाणारा धिप्पाड राक्षस त्या एका फटक्यात कोसळतो. साहजिकच नवे दृश्य समोर आले की आधी कोणाला मारायचे, कोणावरून उसळायचे आणि तो साठवलेला घाव कोणासाठी राखायचा, हा हिशेब एकदमच सुरू होतो, आणि त्यात लढणे कुठे संपले आणि उडी कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. काही टप्प्यांत हे रंग फारच उघडपणे मांडलेले आहेत, त्यामुळे मार्ग आपण शोधला असे वाटत नाही. तेवढी उणीव मी धरतो.

शिनोबीमध्ये मला याच्या उलट जाणवले. लिझर्डक्यूबची हाताने रेखाटलेली चित्रे पाहत राहावीत अशी आहेत, आणि केवळ मारामारीचा विचार केला तर या पाचांत तोच सर्वांत समृद्ध आहे. शत्रूला हवेत उडवून तिथेच झेलत ठेवणे, कुनाई आणि तलवार यांची सांगड घालणे, आणि कोलमडण्याच्या बेतात आलेल्या अनेक शत्रूंचा एकाच झपाट्यात निकाल लावणे, यात मोठी मजा आहे. पण बऱ्याच ठिकाणी पडदा पुढे सरकायचा थांबतो, शत्रू येतात, ते संपले की पडदा सुटतो आणि मग उड्यांचा भाग सुरू होतो. उड्यांची खरी कसोटी तर अँको रिफ्ट नावाच्या वेगळ्या आव्हानांत नेऊन ठेवली आहे. दोन चांगले खेळ आलटून पालटून खेळल्यासारखे वाटते, आणि दोहोंपैकी एक सुरू असताना दुसऱ्याचे कौशल्य विसावलेले असते.

प्रिन्स ऑफ पर्शिया मला मधला वाटला. कंटाळवाण्या फेऱ्या टाळण्याची त्याची कल्पना मात्र सर्वांनी उचलावी अशी आहे. जिथे सध्या जाता येत नाही त्या जागेचे चित्र टिपून ते नकाशावर लावून ठेवता येते, त्यामुळे पुढे नवी शक्ती मिळाल्यावर आपण कुठे अडलो होतो हे आठवत बसावे लागत नाही. काट्यांवर पडल्यास थोडी हानी होऊन खेळाडू लगेच शेवटच्या सुरक्षित जागी परततो, आणि त्यामुळेच उड्यांचे भाग कठीण असूनही जाचक होत नाहीत. लढाईत मात्र पिवळ्या झळाळीचा वार परतवायचा आणि लाल झळाळीचा चुकवायचा या नियमामुळे नजर रंगांकडे लागते आणि पाय जमिनीवर राहतात.

आता सिल्कसाँग. टीम चेरीचा हा खेळ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला. एवढ्या प्रतीक्षेनंतर आलेल्या खेळाबद्दल शांतपणे बोलणे अवघड असते, पण प्रयत्न करतो. नायिका हॉर्नेटची चपळाई अप्रतिम आहे. माझी तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. पहिली अशी, की हवेतून खाली करायचा तिचा वार सुरुवातीला तिरका जातो आणि ‘हॉलो नाइट’ या पहिल्या खेळातील सरळ खाली जाणाऱ्या वाराची सवय असलेल्याला तो छळतो. दुसरी तक्रार बाकापासून (हरल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते) बॉसपर्यंतच्या (टप्प्यातल्या मोठ्या शत्रूपर्यंतच्या) वाटेची. ब्लास्टेड स्टेप्समधील लास्ट जज हा बॉस मला अवघड वाटला नाही, पण प्रत्येक पराभवानंतर तीच वाट पुन्हा कापताना माझा उत्साह ओसरत गेला.

माझा प्रश्न असा की, लढाई आणि उडी एकजीव असणे ही जर या प्रकारची कसोटी असेल, तर बॉसपर्यंतची ही पुनःपुन्हा करावी लागणारी दौड त्या एकजीवपणाचा भाग मानावी, की जुन्या काळाचे उरलेले ओझे समजून नव्या खेळांनी ती सोडून द्यावी?

---

तिरकावार यांचे उत्तर:

तुमची कसोटी मला मान्य आहे, आणि नेमक्या त्याच कसोटीवर सिल्कसाँगमधला तिरका वार योग्य ठरतो असे मी म्हणेन. २०१७ च्या हॉलो नाइटमध्ये शत्रूच्या डोक्यावर राहून सरळ खाली वार करत उसळत राहणे ही इतकी सुरक्षित युक्ती होती की कित्येक बॉस तिच्यापुढे निष्प्रभ होत. हॉर्नेटच्या तिरक्या वारात प्रत्येक घावाबरोबर खेळाडू आडवा सरकतो. शत्रूच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणे, कुठे उतरायचे ते आधीच ठरवणे आणि उतरताच पुढची हालचाल हाताशी ठेवणे, हे सारे लढाईतही लागते आणि हंटर्स मार्च या भागातल्या लाल फुलांवरून उसळत जातानाही लागते. तुम्ही रेजबाउंडमध्ये ज्याचे कौतुक केलेत तेच इथे आहे, फक्त ते शिकायला वेळ अधिक लागतो. शिवाय ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी वाँडरर हे क्रेस्ट, म्हणजे वारांची पद्धत बदलणारे चिन्ह, आहे. ते लावले की वार पुन्हा सरळ खाली जातो, मात्र त्याची पोच आखूड असते. माझ्या मते ही देवाणघेवाण न्याय्य आहे.

दौडीबद्दलही थोडे सांगतो. मृत्यूनंतर मागे राहणारा कोश फोडला की रेशमाचा, म्हणजे प्रकृती भरून काढायला लागणाऱ्या शक्तीचा, साठा पूर्ण भरतो. कोश बॉसच्या दालनात असेल तर तो घाईने फोडू नये. लढाई ऐन भरात असताना फोडला तर तीन मुखवटे (प्रकृती मोजण्याचे एकक) भरून काढण्याइतके रेशीम एका फटक्यात मिळते. रोझरी, म्हणजे खेळात चलन म्हणून वापरायचे मणी, गमावण्याची धास्ती असेल तर त्या माळेत ओवून घ्याव्यात, कारण ओवलेल्या माळा मृत्यूनंतरही आपल्याकडेच राहतात. म्हणजे पराभवानंतरच्या प्रवासाला खेळाने काही अर्थ दिलेला आहे. मात्र लास्ट जजच्या वाटेबाबत मी तुमच्याशी भांडणार नाही. वाऱ्याच्या झोतांमुळे ती पहिल्या खेपेला थरारक वाटते आणि पुढे निव्वळ पाठांतर होते.

अनेक शत्रूंच्या एका फटक्यात दोन मुखवटे जाणे, आणि तेही सुरुवातीला पाचच मुखवटे हाती असताना, ही गोष्ट मला दौडीपेक्षा जास्त खटकली. त्यामुळे सहावा मुखवटा मिळाल्याचा लाभ जवळजवळ दिसतच नाही. पहिल्या अद्ययावत आवृत्तीत मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर या सुरुवातीच्या बॉसची धार थोडी कमी केली गेली. ती दुरुस्ती मला योग्य वाटली.

---

जुनाकंट्रोलर यांचे उत्तर:

दौड हे ओझे आहे की नाही हे ठरवण्याआधी ती आली कुठून ते पाहावे. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’त उडी एकदा घेतली की हवेत तिची दिशा बदलता येत नाही, आणि शत्रूचा धक्का लागला की नायक मागे फेकला जाऊन थेट खड्ड्यात पडू शकतो. तिथे जिना चढणे, वटवाघूळ मारणे आणि बॉसशी लढणे या तिन्हींत एकच गोष्ट तपासली जाते: निर्णय घेतल्यावर तो निभावता येतो का. अशा खेळात बॉसपर्यंतची वाट ही बॉसचीच तयारी असते, म्हणून ती पुन्हा चालायला लावणे समजण्यासारखे आहे. १९८८ च्या ‘निन्जा गायडन’ने मात्र याचा अतिरेक केला. पडदा थोडा मागेपुढे झाला की मारलेला शत्रू पुन्हा उभा राहतो, आणि अखेरच्या लढतीत हरल्यास खेळाडूला सहाव्या अंकाच्या आरंभी नेऊन टाकले जाते. त्यातून खेळाडूला नवे काही शिकवले जात नव्हते, खेळ फक्त लांबत होता.

२०१० च्या ‘सुपर मीट बॉय’ने दाखवून दिले की मृत्यू आणि पुढचा प्रयत्न यांच्यात क्षणभराचेच अंतर ठेवले तर अडचण कितीही वाढवली तरी खेळाडू चिडत नाही. त्यानंतर लांब दौड ठेवणाऱ्याला तिचे समर्थन द्यावे लागते, आणि ते समर्थन तुमच्याच कसोटीतून मिळू शकते. वाटेवरचे शत्रू आणि उड्या यांतून बॉसविरुद्ध लागणारी एखादी गोष्ट अंगवळणी पडत असेल तर वाट ठेवावी. खेळाडू शत्रूंना वळसा घालून नुसताच पळत असेल तर ती काढून टाकावी. लास्ट जजच्या वाटेवर बहुतेक जण पळतातच, यातच काय ते आले.

माझ्या पाहण्यातला सर्वांत समंजस तोडगा २०१४ च्या ‘शॉव्हेल नाइट’चा आहे. त्यातील चेकपॉइंटचा (मृत्यूनंतर जिथून पुन्हा सुरुवात होते त्या जागेचा) गोळा फावड्याने फोडला तर धन मिळते, पण मग तो चेकपॉइंट उरत नाही आणि मृत्यू आल्यास आणखी मागून यावे लागते. किती लांबची दौड पत्करायची हे खेळाडू स्वतः ठरवतो, आणि त्या जोखमीचा मोबदलाही त्यालाच मिळतो. शिवाय फावड्यावर उसळत जाणे हा वारही आहे आणि उडीही. एवढे असूनही नंतरच्या फारच थोड्या खेळांनी ही कल्पना पुढे नेली, याचे मला आश्चर्य वाटते.

---

सावधपॅरी यांचे उत्तर:

मूळ प्रश्नात नाइन सोल्सचे नाव पहिल्याच वाक्यात आहे आणि पुढे त्याविषयी एक अक्षरही नाही, म्हणून ती जागा भरतो. तैवानच्या रेड कँडल गेम्सच्या या खेळात परतवणे हीच मुख्य क्रिया आहे. परतवण्याची वेळ किंचित हुकली तर थेट जखम न होता अंतर्गत हानी होते, जी पुन्हा मार न बसल्यास हळूहळू भरून येते. अचूक परतवल्यावर ‘ची’ नावाची ऊर्जा साठते, तिच्या बळावर शत्रूच्या अंगावर तावीज चिकटवून फोडता येतो, आणि शत्रूला झालेली अंतर्गत हानी त्या स्फोटात खऱ्या जखमेत बदलते. म्हणजे बचाव आणि हल्ला एकाच हिशेबात येतात. हवेत असताना येणाऱ्या वारावर उडीचे बटण साधले की नायक यी त्याला लाथ देऊन वर उसळतो, आणि तीच लाथ वाटेतल्या काही वस्तूंवरून पुढे जाण्यासाठीही वापरायची असते. तुमच्या कसोटीवर हा खेळ निदान अर्धा तरी उतरायला हवा. उरलेला अर्धा, म्हणजे साध्या जागांमधला प्रवास, मला सपाट वाटला.

एक व्यावहारिक सूचनाही करतो. परतवण्यावर आधारलेले खेळ दूरदर्शन संचावर खेळत असाल तर त्याचा गेम मोड (चित्राचा विलंब कमी करणारा पर्याय) सुरू आहे ना हे आधी पाहा. सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत संच कित्येक फ्रेमचा विलंब करू शकतो. उडीच्या वेळी हा विलंब नकळत अंगवळणी पडतो, पण परतवताना तो थेट पराभवात दिसतो. खेळाडूला मग लढाई आणि उडी वेगळ्या पडल्यासारख्या वाटतात, आणि त्यात खेळाचा काहीच दोष नसतो.

---

भिंतउडी यांचे प्रत्युत्तर:

नाइन सोल्सविषयी मी मुद्दाम थांबलो होतो, कारण एइगाँग या शेवटच्या बॉसची लढत अजून चालू आहे आणि तोवर मत देणे मला प्रशस्त वाटले नाही. त्यात लढाई सोपी करणारा स्टोरी मोड आहे हे ठाऊक आहे आणि तो वापरण्यात मला कमीपणा वाटत नाही. प्रिन्स ऑफ पर्शियात परतवण्याची मुदत वाढवण्याची सोय मी वापरलीही आहे. सिल्कसाँगमध्ये असा कोणताच पर्याय नाही, हेही दौडीइतकेच विचारात घ्यायला हवे.

तिरक्या वाराबद्दलचा युक्तिवाद मला पटला, तरी एक शंका राहते. बाजू बदलत राहण्यासाठी बॉसच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते, आणि सिल्कसाँगमधली कित्येक दालने त्या मानाने अरुंद आहेत.

---

तिरकावार यांचे उत्तर:

अरुंद दालनात बाजू बदलण्याचा हट्ट धरू नका. वार लागल्यावर हॉर्नेट जिकडे उसळते तिकडची भिंत धरा, तिथून उडी घेऊन पुन्हा वार करा, आणि प्रकृती भरून काढायची असेल तर ती हवेतच भरा, कारण रेशीम बांधण्यासाठी पहिल्या खेळासारखे जमिनीवर स्थिर उभे राहावे लागत नाही. एवढे करूनही एखादे दालन छळत असेल तर फक्त त्या लढतीपुरते वाँडरर लावा आणि बाकावर परतल्यावर क्रेस्ट बदला.