कांदा बीजोत्पादन: जाळीतल्या गोंड्यातही बी धरलं, मग मधमाशांचा वाटा कसा मोजायचा?

प्रश्न: मधमाशा येऊ नयेत म्हणून कांद्याच्या काही गोंड्यांना (फुलांच्या गुच्छांना) नायलॉन जाळी बांधली, काही उघडे ठेवले. जाळीतही थोडं बी आलंय. प्रयोग फसला का?

उत्तर १: नाही. कांद्याच्या फुलात परागकण आधी सुटतात, कुक्षी (पराग जिथे चिकटतात तो फुलाचा भाग) नंतर तयार होते. त्यामुळे त्याच फुलात स्वपरागण सहसा होत नाही. पण गोंड्यातली फुलं मागेपुढे उमलतात. वाऱ्याने जाळी घासली की शेजारच्या फुलाचे पराग लागतात. जाळी तारेच्या कड्यावर ताणून, पहिलं फूल उमलण्याआधी बांधा. खाली देठाला कापूस गुंडाळून दोरी आवळा, नाहीतर मुंग्या शिरतात.

उत्तर २: तिसरा गट हवाच: जाळी लावून मऊ ब्रशने दुसऱ्या झाडाचे पराग लावलेले गोंडे. तिथे उघड्यांपेक्षा बी जास्त आलं, तर शेतात माशा कमी पडताहेत. नुसतं वजन करू नका, मोठा गोंडा फसवतो. एका फळात जास्तीत जास्त ६ बिया. फुलामागे किती धरल्या ते मोजा.

प्रश्नकर्ता: फुलोऱ्यात फवारणी झाली तर?

उत्तर २: इमिडाक्लोप्रिड (मधमाशांना घातक कीटकनाशक) असेल तर ते वाफे मोजणीतून बाद. सातेरी, फुलोरी, आग्या या मधमाशांच्या जाती वेगवेगळ्या नोंदवा.