एक्स-रेमध्ये मांडीतील गाठ स्पष्ट का दिसत नाही?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ):
आईच्या मांडीत लिंबाएवढी गाठ आली असून ती वाढते आहे. तालुक्याला काढलेली फिल्म मी खिडकीशी धरून पाहिली, तेव्हा हाड पांढरेशुभ्र उमटले होते, पण हाताला स्पष्ट लागणारी गाठ पुसट सावलीसारखीच होती. असे का होते, आणि नव्या तंत्राने ती दिसेल का?

उत्तर १:
हाडातील कॅल्शियम क्ष-किरण भरपूर शोषते. स्नायू आणि गाठ मात्र मुख्यतः कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचीच असल्याने त्यांच्या शोषणात फारसा फरक नसतो. फेज-कॉन्ट्रास्ट या नव्या पद्धतीत किरण किती शोषले गेले यापेक्षा ते किंचित कसे वळले हे टिपतात, आणि हलक्या मूलद्रव्यांत हा परिणाम शोषणापेक्षा सुमारे १००० पट प्रबळ असल्यामुळे गाठीची कड उठून दिसते. टाक्यातले नितळ पाणी ऊन अडवत नाही, तरी तळाशी उजेडाच्या हलत्या रेघा उमटतात, तसेच हे आहे.

उत्तर २:
यासाठी सिंक्रोट्रॉनचे (इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने वर्तुळात फिरवून तीव्र क्ष-किरण निर्माण करणाऱ्या मोठ्या यंत्राचे) किरण उत्तम. इंदूरच्या इंडस-२ यंत्रावर अशा प्रतिमांचे संशोधन चालते. इटलीतील त्रिएस्ते येथे स्तनतपासणीसाठी ही पद्धत रुग्णांवरही वापरली गेली आहे.

उत्तर ३:
दादा, त्या तंत्राची वाट पाहू नका. आईंना नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात दाखवा, आणि एमआरआय व सुईची बायोप्सी झाल्याशिवाय गाठ कोणालाही कापू देऊ नका.