ब्रिटिश संसदेतला दिव्यांग-हक्कांचा सर्वपक्षीय गट: सचिवालयाचं नेमकं काम काय?

मुद्देसूद: वेस्टमिन्स्टरमध्ये वेगवेगळ्या विषयांवर सर्वपक्षीय संसदीय गट असतात, त्यात दिव्यांगांच्या हक्कांचाही आहे. अशा गटाचं कामकाज बरेचदा बाहेरची एखादी संस्था सांभाळते, तिलाच गटाचं सचिवालय म्हणतात, एवढं वाचलं. पण प्रत्यक्षात काय करावं लागतं? सभासद कोण, पैसे कुठून येतात, बैठक कशी भरवायची, आणि अहवाल काढण्यापलीकडे गटाच्या हातात काय असतं? नियम वेबसाइटवर सापडतात. अडतं कुठे, ते सांगा.

कलम_चौदा: आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हा गट म्हणजे संसदेची समिती नव्हे. त्याला साक्षीदार बोलावून घेण्याचा अधिकार नाही, संसदेकडून निधी नाही, आणि त्याच्या अहवालाला उत्तर द्यायला सरकार बांधील नाही. अहवालावर 'हे सभागृहाचं अधिकृत प्रकाशन नाही' अशा अर्थाचा मजकूर छापावाच लागतो. तो विसरला तर तक्रार गटाच्या अध्यक्षाच्या डोक्यावर येते, सचिवालयाच्या नाही.

2024 पासून नियम कडक झाले. पदाधिकारी चारच. अध्यक्ष कॉमन्सचा, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचा, खासदार असायला हवा. पदाधिकाऱ्यांत सत्ताधारी आणि मुख्य विरोधी, दोन्ही पक्षांचा किमान एकेक माणूस लागतो. एका सदस्याला सहापेक्षा जास्त गटांत पद घेता येत नाही, त्यामुळे लोकप्रिय नावांमागे धावण्यात अर्थ नाही. त्यांच्या सहा जागा आधीच भरलेल्या असतात. नोंदणीला किमान 20 सभासद दाखवावे लागतात. सचिवालय किंवा त्याचा खर्च परदेशी सरकारकडून चालत नाही. एकाच देणगीदाराकडून वर्षाला 1,500 पौंडांपेक्षा जास्त मदत आली, तर 28 दिवसांत नोंद करायची. 'मदत' म्हणजे फक्त रोख नव्हे, तुमच्या कर्मचाऱ्याचे तासही त्यात येतात. इथेच बहुतेक संस्था फसतात: पैसे घेतलेच नाहीत म्हणून नोंद करत नाहीत, आणि वर्षअखेरीला तासांची बेरीज मर्यादा ओलांडून गेलेली असते. तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

रुंद_दार: नियम कुणीही सांभाळेल. दिव्यांगांच्या गटाची खरी परीक्षा बैठकीच्या दारात होते.

खोली ठरवताना फक्त 'व्हीलचेअर जाते का' एवढंच विचारू नका. एकाच वेळी किती व्हीलचेअर मावतील, टेबलं हलवता येतात का, इंडक्शन लूप (श्रवणयंत्रात थेट आवाज पोहोचवणारी यंत्रणा) चालू आहे का आणि शेवटचं कधी तपासलं, मोठं सुलभ स्वच्छतागृह किती लांब आहे, हे विचारा. समितीकक्षांतली टेबलं घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेली असतात, व्हीलचेअरवाले पाहुणे मग मागच्या भिंतीला ढकलले जातात. ज्यांच्यासाठी बैठक, तेच मागे! सुरक्षा तपासणीत वेळ जातो, म्हणून पाहुण्यांना अर्धा तास आधी बोलवा आणि आत कुणीतरी थांबायला ठेवा.

सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन हवेत. अर्ध्या तासापेक्षा लांब बैठकीत एकटा दुभाषी थकतो आणि भाषांतराचा दर्जा उतरतो. ते वीसेक मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. चांगले दुभाषे कित्येक आठवडे आधीच बुक झालेले असतात, त्यामुळे खोलीची तारीख मिळाली की त्याच दिवशी त्यांना कळवा. बोलणं थेट मजकुरात उतरवणारा लेखक वेगळा. त्याची गरज सांकेतिक भाषा न वापरणाऱ्या बहिऱ्या लोकांना असते, म्हणून 'दुभाषी आहेत ना' म्हणून तो वगळायचा नाही. वक्त्यांची नावं, संक्षेप आणि आकडे या तिघांनाही आदल्या दिवशी पाठवा.

कागद शेवटच्या क्षणी पाठवले तर सगळं मुसळ केरात. स्कॅन केलेली पीडीएफ स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचू शकत नाही. वर्डची फाइल द्या, मोठ्या अक्षरांच्या प्रती ठेवा. सोपी वाक्यं आणि चित्रं असलेली ईझी रीड प्रत रात्रीत बनत नाही. ती बौद्धिक दिव्यांग असलेल्या वाचकांकडून तपासून घ्यावी लागते.

आणि घंटा. सभागृहात मतदानाची घंटा वाजली की खासदारांना आठ मिनिटांत मतदानाच्या लॉबीत पोहोचावं लागतं, परत येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. म्हणून दिव्यांग वक्त्यांना पहिल्या वीस मिनिटांत बोलू द्या, मंत्र्यांना नंतर. उलटं केलं की घंटा वाजते, खासदार जातात, आणि ज्यांचं ऐकायचं होतं ते रिकाम्या खुर्च्यांशी बोलतात. बुधवारी दुपारी बारा ही पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांची वेळ, ती टाळा. शुक्रवारी बरेच खासदार मतदारसंघात असतात.

मदतनीसाचं प्रवासभाडंही अंदाजपत्रकात धरा. मानधन देत असाल तर आधी त्या व्यक्तीशी बोला, कारण ते मिळकत धरलं गेलं तर तिच्या सरकारी भत्त्याला फटका बसू शकतो.

मुद्देसूद: हे खूपच उपयोगी. पण बैठक छान झाली तरी पुढे काय?

तिसरे_वाचन: एवढंच: प्रत्येक बैठकीतून निदान एक संसदीय कृती निघाली पाहिजे, आणि ती कोण करणार त्याचं नाव इतिवृत्तात असलं पाहिजे. 'गटाने चिंता व्यक्त केली' हे इतिवृत्त कुणी वाचत नाही.

सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे खासदाराने मंत्र्याला विचारलेला लेखी प्रश्न. पण तो मोघम लिहिला तर 'माहिती एकत्र ठेवली जात नाही' किंवा 'माहिती काढायचा खर्च फार येईल' असं उत्तर हातात येतं. म्हणून कालावधी आखा, आणि खात्याकडे आधीपासून असलेलीच आकडेवारी मागा. दिव्यांगांविषयीचे मंत्री काम आणि निवृत्तिवेतन खात्यात बसतात, पण रेल्वेचा उतार वाहतूक खात्याचा, घराची रचना गृहनिर्माणाची. ज्याचा विषय त्यालाच प्रश्न. स्कॉटलंडमध्ये तर प्रौढांचा दिव्यांग भत्ता स्वतःचा, वेगळा आहे. तिथलं गाऱ्हाणं वेस्टमिन्स्टरच्या मंत्र्याकडे नेलं तर हात हलवत परत याल.

विधेयक चालू असेल तर लॉर्ड्सकडे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाकडे, बघा. कॉमन्समध्ये दुरुस्त्यांची निवड होते आणि चर्चेला वेळ पुरत नाही. लॉर्ड्समध्ये मांडलेल्या प्रत्येक दुरुस्तीवर बोलता येतं. टॅनी ग्रे-थॉम्पसन, जेन कॅम्पबेल यांच्यासारखे दिव्यांग सदस्य तिथे आहेत, आणि मंत्र्यांकडून सभागृहात बोलून घेतलेलं आश्वासन पुढे वर्षानुवर्षं दाखवता येतं. दुरुस्ती हरली तरी ते राहतं.

खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, हा लांबचा रस्ता. सोडतीत 20 नावं निघतात आणि वरची मोजकीच पुढे सरकतात. खासदार रोझी कूपर विरोधी बाकांवरच्या, तरी 2022 साली त्यांच्या खासगी विधेयकातून सांकेतिक भाषेचा कायदा झाला, कारण सरकारने पाठिंबा दिला. त्या पाठिंब्यासाठी दोन्ही बाजूंचे सदस्य लागतात. सर्वपक्षीय असण्याचा फायदा हाच.

कलम_चौदा: एक राहिलं. निवडणूक लागून संसद बरखास्त झाली की गटाची नोंदणीही संपते. नव्या सभागृहात सभासद पुन्हा जमवून, पदाधिकारी निवडून गट नव्याने उभा करावा लागतो. पराभूत खासदारांसोबत निम्मी ओळख जाते, त्यामुळे यादी, इतिवृत्तं आणि मंत्र्यांची पत्रं खासदाराच्या कार्यालयात नव्हे, सचिवालयाकडे ठेवा.