शीआन : तांग काळातले खरे अवशेष कोणते आणि वेळ कशाला द्यावा?

वाटसरू

नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन चीनमधील शीआनला जाण्याचे ठरले आहे. मातीच्या सैन्यासाठी (टेराकोटा आर्मी) एक अख्खा दिवस राखून ठेवला आहे, तेव्हा प्रश्न आहे तो शहरातल्या जागांचा. दामिंग राजवाड्याचे उद्यान, शिंगछिंग उद्यान, तांग फुरोंग उद्यान, दोन हंस पॅगोडे, तटबंदी अशी यादी डोळ्यांसमोर आहे. परंतु छायाचित्रांवरून जुने काय आणि नव्याने उभारलेले काय, याचा उलगडा होत नाही. बाबांनी शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे ह्युएन त्संगाशी निगडित जागा पाहण्याची त्यांना फार ओढ आहे. आईला गुडघेदुखीमुळे जिने चढवत नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शिलालेख

आपला प्रश्न अगदी योग्य आहे, कारण शीआनमध्ये जे सर्वांत भव्य दिसते ते बहुधा सर्वांत नवे असते. इ.स. 904 मध्ये झू वेन या सेनापतीने सम्राटाला लुओयांगला हलवले, तेव्हा छांगआनमधले (सातव्या ते दहाव्या शतकातल्या तांग राजवटीच्या राजधानीचे, म्हणजे शीआनचे, तेव्हाचे नाव) वाडे उतरवून त्यांचे लाकूड वेई नदीतून वाहून नेण्यात आले. त्या काळच्या राजधानीतली जवळपास प्रत्येक इमारत लाकडी होती, म्हणून आजच्या शहरात तांग काळाचे जमिनीवर उभे असे विटांचे दोन पॅगोडेच ठळकपणे उरले. तटबंदी, घंटाघर आणि नगारखाना हे सारे नंतरच्या मिंग राजवटीचे. तट 1370च्या दशकात बांधला गेला आणि त्याचा घेर सुमारे 13.7 किलोमीटर आहे.

तांग फुरोंग उद्यान 2005 साली खुले झाले. रात्रीची रोषणाई पाहायची असेल तर अवश्य जावे, परंतु तिथली एकही इमारत प्राचीन नाही. दामिंगचे तसे नाही. 634 साली सुरू झालेला हा राजवाडा सुमारे तीन चौरस किलोमीटरवर पसरलेला होता आणि नवव्या शतकाच्या अखेरीच्या धामधुमीत तो जळाला. आज तिथे हानयुआन या मुख्य दालनाचा चौथरा, तळ्याची जागा आणि विस्तीर्ण मोकळे मैदान आहे. दक्षिणेकडच्या दानफेंग दरवाजावर उभारलेली इमारत नवी असली, तरी तिच्या पोटात मूळ दरवाजाचे दाबलेल्या मातीचे अवशेष जपलेले आहेत. ‘तिथे पाहण्यासारखे काही नाही’ असे सांगणारे भेटतील, परंतु माझे मत नेमके उलट आहे. चौथऱ्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिल्याशिवाय त्या राजधानीचा आवाका कळत नाही. इतिहासाच्या शिक्षकाला तर ही जागा निश्चित भावेल.

मुक्ता

शिक्षणानिमित्त काही काळ शीआनमध्ये राहिले असल्यामुळे आईंच्या दृष्टीने लिहिते. शिंगछिंग उद्यान सकाळी लवकर गाठावे. तांग सम्राट श्वानझोंगाचा राजवाडा इथे होता आणि 1958 पासून ते सार्वजनिक उद्यान आहे. मंडप नवे आहेत, परंतु तळ्याकाठी सपाट रस्ते आणि भरपूर बाक आहेत. सकाळी ज्येष्ठ मंडळी लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून फरसबंदीवर अक्षरे काढतात. ओळीचे शेवटचे अक्षर उमटेपर्यंत पहिले सुकू लागलेले असते. 717 साली जपानहून शिकायला आलेला आणि अखेर छांगआनमध्येच निधन पावलेला आबे नो नाकामारो याचे स्मारकही याच उद्यानात आहे. ते चुकवू नये.

तटावर जायचे तर बहुतेक ठिकाणी पायऱ्या चढाव्या लागतात. मात्र एकदा वर पोहोचल्यावर विजेवर चालणारी गाडी मिळते, आणि ज्यांना शक्य असेल त्यांना सायकलही भाड्याने घेता येते. मोठ्या हंस पॅगोड्याचे आतले जिने आईंना जमणार नाहीत, परंतु बाहेरून पाहूनही समाधान होईल. पासपोर्ट सतत जवळ ठेवावा, कारण बऱ्याच ठिकाणी तिकीट नावावर दिले जाते.

कृष्णाकाठ

बाबांसाठी थोडी भर घालतो. मोठा हंस पॅगोडा 652 साली उभारला गेला तो ह्युएन त्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी आणि मूर्तींसाठी. 645 मध्ये तो परतला तेव्हा त्याच्यासोबत 657 ग्रंथ होते. दक्षिण दरवाजाच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत 653 सालचे दोन शिलालेख आहेत, सम्राट ताइझोंग आणि गावझोंग यांच्या रचनांचे, आणि ते छू सुइलियांग या सुलेखनकाराच्या हस्ताक्षरातले आहेत. बहुतेक पर्यटक वर जाण्याच्या घाईत त्यांच्यासमोरून निघून जातात. ज्या प्रवाशाने दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचे आणि इथल्या मानी, उपकाराची जाण ठेवणाऱ्या लोकांचे वर्णन लिहून ठेवले, त्याचे काम जिथे चालले ती ही जागा आहे. मराठी माणसाने इथे घाई करू नये.

लहान हंस पॅगोडा मला अधिक आवडतो. तो 707 ते 709 या काळात बांधला गेला. समुद्रमार्गे भारतात येऊन नालंदात शिकलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूशी त्याचे नाते आहे. 1556च्या भूकंपात वरचे मजले ढासळले आणि पंधरांपैकी तेरा उरले. ते तसेच ठेवले आहेत, हे मला फार मोलाचे वाटते. आवार शांत आहे, झाडे जुनी आहेत आणि शहराचे संग्रहालयही तिथेच आहे, त्यामुळे आई सावलीत बसल्या तरी बाबांना निवांत पाहता येईल.

वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फुरोंग उद्यान वगळून ती वेळ दामिंगला देत आहे. ह्युएन त्संगाची समाधीही जवळपास आहे असे बाबा म्हणतात. तिथे जाणे सोयीचे आहे का?

कृष्णाकाठ

होय, शहराच्या दक्षिणेला शिंगजियाव विहारात ती आहे. 664 साली त्याचे निधन झाले आणि 669 मध्ये अस्थी तिथे हलवून त्यांवर पॅगोडा उभारण्यात आला. शेजारी क्वेइजी आणि कोरियातून आलेला वॉनचुक या दोन शिष्यांचे लहान पॅगोडे आहेत. तुम्हा तिघांसाठी भाड्याची गाडी करावी आणि परतीसाठी तीच थांबवून ठेवावी. मोठ्या पॅगोड्यानंतर त्याच दिवशी दुपारी तिथे गेल्यास बाबांना सारे सलग पाहता येईल.