भय आधी जावे की आज्ञापालन आधी यावे?

धागाकर्ता

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत बायबलमधील ‘गणना’ या पुस्तकाच्या १३व्या व १४व्या अध्यायांवर संदेश झाला. उपासनेनंतर चहा घेताना जो वाद रंगला, तो येथे मांडतो.

देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेला कनान देश हेरून आलेल्या बारा जणांपैकी दहा जण खोटे बोलले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तटबंदीची नगरे खरी होती आणि धिप्पाड माणसेही खरी होती. कालेब व यहोशवा यांनी चाळीस दिवसांत याहून वेगळे काही पाहिलेले नव्हते. दहा जण चुकले ते पुढच्या वाक्यात: आम्ही आमच्याच दृष्टीने टोळांसारखे होतो आणि त्यांनाही तसेच दिसलो. त्यांना आपण कसे दिसलो हे विचारायला कोणीही गेलेले नव्हते! भीती माहितीत भर घालत नाही, ती न पाहिलेल्या गोष्टीही पाहिल्यासारख्या सांगू लागते.

म्हणून माझे मत असे की, ‘मनातली भीती गेली की पाऊल टाकीन’ असे म्हणणे हा आज्ञाभंगाचाच सभ्य प्रकार आहे. पुढे हे लोक कनानात शिरले तेव्हा वाटेतली यार्देन नदी कापणीच्या दिवसांत दुथडी भरून वाहत होती आणि देवाच्या कराराचा कोश (पवित्र पेटी) वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्याला लागेपर्यंत ती थांबली नाही. आपल्याकडचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आप्त दुरावले, आणि १९१७ मध्ये, साठीकडे झुकलेल्या वयात, अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. पुढे दोनच वर्षांनी ते वारले. हिशेब मांडत बसले असते, तर तो कधीच जुळला नसता.

भिंगारची वाचक

हिशेब जुळला नसता हे खरे, परंतु तो मांडायचा कोणी आणि फेडायचा कोणी, हा प्रश्न आपण सोडून दिला आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंनी सुमारे पाच वर्षे काय सोसले, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पतीचे विश्वासाचे पाऊल पत्नीच्या वाट्याला ताटातूट म्हणून आले. अशा वेळी तिच्या भीतीला अविश्वास म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरे असे की, ‘आज्ञापालन’ हा शब्द आपल्या घरांत आणि मंडळ्यांत फार स्वस्त झाला आहे. पाळकांना प्रश्न विचारला की आज्ञाभंग, सुनेने मत मांडले की आज्ञाभंग. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या मठातील भगिनींनी (जोगिणींनी) त्यांच्याकडून अशाच आज्ञाधारकतेची अपेक्षा केली. तेव्हा, १८८५ च्या सुमारास, त्यांनी कळवले की आपल्या देशातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या प्रयासाने सुटल्यावर तसलेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही, मला स्वतःची सद्सद्विवेकबुद्धी आहे. क्रॉसवर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, एवढ्या बारीक गोष्टीवरही त्या अडून बसल्या. आपल्या व्याख्येत ही बाई बसते का?

शौल राजाचेही पाहावे. लोकांचे भय वाटले म्हणून मी देवाची आज्ञा मोडून त्यांचे ऐकले, अशी कबुली तो शमुवेल संदेष्ट्यापुढे देतो. ऐकणे हेदेखील पुष्कळदा भीतीपोटीच असते.

वसईकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आज्ञाधारकतेचे व्रत घेतलेली माणसे लहानपणापासून जवळून पाहिली आहेत. मला दोघांशीही थोडे भांडायचे आहे.

धागाकर्त्यांनी १४वा अध्याय शेवटपर्यंत वाचला असता, तर बरे झाले असते. भिऊन कनानात जायला नकार दिल्याबद्दल देवाने दिलेली शिक्षा ऐकल्यावर तेच लोक दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ‘आता आम्ही वर चढून जातो’ म्हणाले. मोशेने नको म्हटले, कोश छावणीतून हलला नाही, तरीही ते गेले आणि हर्मा या ठिकाणापर्यंत मार खात आले. त्या सकाळी त्यांच्यात भय मुळीच नव्हते; नव्हती ती आज्ञा. निर्भयपणा म्हणजे विश्वास नव्हे, हे त्याच अध्यायात लिहिलेले असताना संदेश अर्ध्यावर थांबवणे सोयीचे असते, एवढेच म्हणतो. उलट गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः व्याकूळ झाला, प्याला टळावा अशी प्रार्थना त्याने केली, आणि ते त्याचे पाप ठरले नाही.

भिंगारच्या वाचक भगिनींना मात्र असे सांगावेसे वाटते की, भीतीला मान द्यावा, पण तिच्या हाती निर्णय देऊ नये. संत इग्नाशियस लोयोला यांचा एक व्यावहारिक नियम आहे: मन खिन्न व अस्वस्थ असताना नवा निर्णय घेऊ नये, शांत असताना घेतलेल्या निर्णयावरच टिकून राहावे. आमच्याकडे कित्येकांची व्रते या एका नियमावर तगली आहेत.

धागाकर्ता

हर्माचा मुद्दा मान्य. संदेशही तेथपर्यंत गेला नव्हता आणि मीही गेलो नाही.

रमाबाईंविषयी मात्र माघार घेणार नाही, कारण त्या माझ्याच बाजूच्या साक्षीदार आहेत. वाँटेजच्या भगिनींना नकार देणाऱ्या त्याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील उपासमारीने गेले होते, म्हणजे दुष्काळ काय असतो हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. इतक्या जणींना काय खाऊ घालणार, ही भीती त्यांना पडली नसेल असे मी म्हणत नाही. आज्ञा कोणाची हे एकदा ठरले की माणसांना नकार देणे आणि दुष्काळात शिरणे, दोन्ही एकाच मुळातून येते.

भिंगारची वाचक

हे मला पटते, पण लक्ष्मीबाईंचे उत्तर आपण दिलेच नाही, म्हणून मीच देते. टोकाचे सोवळे पाळणाऱ्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या. विटाळाच्या भीतीने पाळलेले नियम हेही आज्ञापालनच होते आणि ते मोठ्या निष्ठेने पाळले जाई. पतीकडे परतल्यावरही त्यांनी ते चालू ठेवले. पुढे ते सोडले ते स्वतः विचार करून, आपल्या वेळेला, आणि बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. टिळकांनी जबरदस्ती केली असती, तर एका भीतीच्या जागी दुसरी आली असती, इतकेच.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या मंडळीत कोणी ‘प्रभूच्या इच्छेने नोकरी सोडतो’ अशी साक्ष देईल, तेव्हा टाळ्यांपूर्वी त्याच्या पत्नीलाही दोन शब्द बोलू द्यावेत, अशी सूचना आपण पंचांपुढे मांडाल का?

धागाकर्ता

मांडीन. विरोध कोठून होईल, तेही ठाऊक आहे.