आरएक्स 100 चं ड्रॅग इंजिन: ऑइल पंप की प्रिमिक्स, आणि रिंग गॅप किती?

स्लीव्ह_होनिंग: काल एकाने पोस्ट टाकली की आरएक्स (यामाहाची जुनी टू-स्ट्रोक) ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी बांधताय तर ऑइल पंप (वेगळ्या टाकीतून इंजिनाला तेल देणारा) तसाच ठेवा, रिंग गॅप, म्हणजे पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट, 0.15 मिमीवर घट्ट ठेवा, कॉम्प्रेशन मिळतं. खाली नुसते वा वा. पोरं पैसे साठवून बोअर करून घेतात राव, त्यांना असलं सांगू नका. 50 मिमीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), रिंगचा घेर 157 मिमी. रिंग स्लीव्हपेक्षा (सिलिंडरच्या आतल्या नळीपेक्षा) 100 अंश जास्त तापली तर जवळपास 0.17 ने वाढते, मग तुमचा 0.15 गेला कुठे? टोकं भिडली की रिंगला जागाच उरत नाही, ती स्लीव्ह खरवडते, पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाच्या) कडेला अडकून तुटते. मी 0.25 ठेवतो. आणि मोजताना पिस्टनने रिंग सरळ ढकलून पोर्टच्या खाली न्या आणि मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, कारण वर 0.1 झीज असली तरी गॅप तिथं 0.3 ने जास्त दिसतो. पंप काढून टाका, प्रिमिक्स करा, म्हणजे तेल पेट्रोलमध्येच आधी मिसळा. 20 ला 1, लिटरला 50 मिली.

घाटकर: पंपावर एवढा राग का? फुल आरपीएमला थ्रॉटल सोडला की प्रिमिक्सवाल्याचं पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे तेलही बंद. पंप तेव्हाही थोडं देत राहतो. आणि तेल वाढवलं तर त्याच जेटमधून (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या भोकातून) पेट्रोल कमी जातं, गाडी लीन होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), हे का नाही लिहिलं?

स्लीव्ह_होनिंग: जेट वाढवायचाच, प्लगचा रंग बघून, त्यात काय सांगायचं. थ्रॉटल सोडायची भीती असेल तर शर्यतीचे 402 मीटर झाले की क्लच दाबा. पंप कंपनीने 7500 आरपीएमला पॉवर देणाऱ्या इंजिनासाठी बसवलाय, पोर्ट कापून दहा हजारावर नेलेल्यासाठी नाही.

टूटी_मिरज: तुम्ही गॅपवर भांडताय, मूळ दुखणं पेट्रोल पंपावरचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या जेटवर गाडी आपोआप लीन चालते. पावसाळ्यात शेजारच्या पोराने मिक्स केलेला कॅन आठवडाभर उघडा ठेवला, तळाला पाणी मिसळलेला वेगळा थर. तेच टाकीत ओतलं, दुसऱ्या गिअरला इंजिन जाम. कुणासाठी चाललंय हे?

ऊसवाला_पाटील: कुणासाठी? आमच्यासाठी. साखर गोदामात पडून राहिली की उसाचं बिल थकतं, इथेनॉलचा पैसा आला की कारखाना बिल काढतो. कॅनचं झाकण लावायला काय होतं? शनिवारच्या शर्यतीसाठी शेतकऱ्याला कशाला ओढता?

टूटी_मिरज: दादा, ऊस आमच्या घरीपण आहे. बिल मिळावंच. पण बिनइथेनॉलचं साधं पेट्रोल मागितलं तर मिळायला नको का? जुनी गाडी असलेल्याने जायचं कुठे?

ऊसवाला_पाटील: ते मागा, मी पण सही करतो. पण कारखान्याला शिव्या देऊन नको.

घाटकर: अरे मूळ विषयावर या. रात्री माझी रिंग पोर्टखाली घालून बघितली, वर 0.35 दिसत होती ती खाली 0.18 निघाली. गॅपचं तुमचं मानलं, 0.25 ला घासणार. पंप मात्र काढणार नाही.

स्लीव्ह_होनिंग: ठेवा. निदान तेलाची टाकी काढून बसवल्यावर लाईनमधली हवा काढा, बुडबुडा राहिला तर पहिल्या मिनिटाला तेलच येत नाही. आणि घासताना कानस बाहेरून आतच न्या, एकाच टोकाला घासा, नंतर कडा बारीक पेपरने मारा. लॉक पिनची (रिंग फिरू न देणाऱ्या पिनची) खाचही बघा, तिला कानस लागता कामा नये.