चैन, हौस की वरखर्च?

उंबरठा
मंडळी, घरातला वाद चव्हाट्यावर आणतोय, कारण घरात तो सुटत नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो, वाकडला भाड्याने राहतो, लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. महिन्याच्या हिशेबाचा एक तक्ता केलाय. भाडं, किराणा, वीज-गॅस, गाडीचा हप्ता, दोन्ही घरी पाठवायचे पैसे, शिल्लक... इथपर्यंत भांडण नाही. शेवटच्या रकान्यात रविवारची मिसळ, गजरा, बालगंधर्वला एखादं नाटक, सिंहगडावर गेलो तर कांदाभजी आणि मडक्यातलं दही, असले खर्च येतात. बायको इंदूरची मराठी. तिने रकान्याला नाव दिलं 'चैन'. आई राहायला आली होती, तिने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "चैनीला वेगळा रकाना? बरं चाललंय तुमचं." बायकोला कळेना की काय चुकलं. तिच्या लेखी चैन म्हणजे जिवाला स्वस्थता. मी म्हटलं 'हौस' लिही, तर तिला ते 'हवस'चं भावंड वाटतं आणि तो शब्द त्यांच्याकडे चारचौघांत काढत नाहीत. तर या रकान्याला मराठीत म्हणावं काय?

निवृत्त मास्तर
मातोश्रींचा दोष नाही, दोष आमच्या पाठ्यपुस्तकांचा. अर्थशास्त्रात वस्तूंचे तीन वर्ग शिकवायचो : आवश्यक, सुखसोयीच्या आणि चैनीच्या. उदाहरणं द्या म्हटलं की पोरं मोटारगाडी आणि दागिने लिहीत. एकदा एकाने 'आइस्क्रीम' लिहिलं, मी अर्धा गुण दिला होता. गजरा कुठल्याच वर्गात बसत नसे. या धड्यामुळे अख्ख्या पिढीच्या कानात 'चैन' म्हटलं की 'न परवडणारी' असं आपोआप जोडलं जातं.

पारिजात
पण जुना अर्थ मराठीतही शाबूत आहे की. 'तिला पाहिल्याशिवाय चैन पडत नाही' यात कुठली आलीय उधळपट्टी? आणि बेचैन माणूस म्हणजे ज्याचे महिनाअखेरीला पैसे संपलेत असा नव्हे. (तसाही असतो म्हणा.) चैन पडली तर स्वस्थता, चैन केली तर आईची बोलणी. सगळा खेळ क्रियापदाचा आहे. सूनबाईंचं चुकलेलं नाही, त्यांच्या रकान्याला क्रियापद नाही एवढंच.

शुद्धलेखक
'हौस' मुळात आपला नाहीच. फारसी 'हवस'. असल्या यावनी शब्दांना घरच्या हिशेबात तरी थारा देऊ नये. 'आनंदव्यय' असा सुटसुटीत शब्द करता येईल.

चकणा
"अहो, या महिन्याचा आनंदव्यय जरा जास्त झालाय हं." हे वाक्य बायकोला म्हणून दाखवा, मग बोलू.

वऱ्हाडी ठेचा
शुद्धलेखकजी, मग तक्ताच पुसून टाका ना. हिशेब अरबी, जमा अरबी, बाकी अरबी, खर्च फारसी, हप्ता फारसी. 'भाडं' तेवढं उरते, म्हणजे घरमालकाचे पैसे शुद्ध आणि तुमची मिसळ अशुद्ध. आमच्याकडे 'हाऊस' म्हणतात अन् लय हाऊसेनं म्हणतात. एका पुणेकर मित्राला "बायकोची हाऊस पुरवतो" म्हणालो, तर तो विचारतो, कुठं बुक केलं?

शुद्धलेखक
थट्टेने प्रश्न सुटत नाहीत. 'तारीख'च्या जागी सावरकरांनी 'दिनांक' दिला तेव्हाही लोक हसलेच होते. आज प्रत्येक सरकारी अर्जावर तोच छापलेला असतो.

वऱ्हाडी ठेचा
अर्जावर असते. कोर्टात आजही तारीखच पडते.

बडोदेकर
हौस फारसी आहे हे मला मान्य नाही. मला तो सरळ संस्कृत 'हर्ष' वाटतो. हर्ष, हस्स, हौस. आमच्याकडे गुजरातीत 'होंशे होंशे' म्हणतात, म्हणजे उत्साहाने, आनंदाने. त्यात वासनेचा लवलेश नाही. एवढा निर्मळ शब्द हवसमधून कसा येईल?

पारिजात
बडोदेकर, 'हर्ष'चं मराठीत काय झालं ते आपल्याला माहीत आहे : हरीख. आजी नातवाला पाहून हरखते, तो हा हर्ष. एकाच शब्दाने हरीखही व्हायचं आणि हौसही, हे जरा जास्तच झालं. उलट 'हवस'चं 'हौस' होणं अगदी सहज, 'चवदा'चं 'चौदा' होतं तसं. अरबीत तर तो वेडाकडे झुकणारा शब्द आहे. तिथल्या वेडाचं हिंदीत वासनेत रूपांतर झालं आणि मराठीत पैठणीत. शब्द कुठून आला याची लाज वाटायचं कारण नाही, इथे येऊन त्याने काय केलं ते पाहा : हौसमौज, हौसेला मोल नाही, हौशी रंगभूमी, जत्रेतले हौसे-नवसे-गवसे.

बडोदेकर
चवदा-चौदा मान्य. 'होंशे होंशे'चं काय ते नाही सांगितलंत.

ओटीभरण
मूळ राहू द्या बाजूला, वापर बघा. चैन आपली आपण करतो. हौस बहुतेक वेळा दुसऱ्याची पुरवतो. नव्या सुनेची हौस सासू पुरवते, नवरा पुरवतो, माहेरचे पुरवतात. बोरन्हाण, हळदीकुंकू, पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने, सगळी हौस. कुणी 'माझी मीच हौस पुरवली' म्हणालं तर मला आतून वाईट वाटतं. आता दोघंही कमावतात, तर कोण कुणाची पुरवणार? म्हणून मुलीला चैन हा शब्द जवळचा वाटला असेल का?

निवृत्त मास्तर
मुद्दा मोलाचा, पण हौसेत पैसे लागतातच असं नाही. आमची ही लग्नानंतर डोंबिवलीच्या एका खोलीत खिडकीला हौसेने पडदे शिवायची, जुन्या साडीचे. खर्च शून्य. चैन मात्र फुकट करता येत नाही. तेव्हा खर्चाच्या रकान्याला 'हौस' हे नाव तर्काला धरून नाही, तिथे 'चैन'च योग्य. अर्धा गुण परत घेतो आणि त्या पोराला पूर्ण देतो.

चकणा
आमच्या तक्त्यात तो रकाना 'इतर' होता. सिनेमा, पाणीपुरी, मेहुणीच्या लग्नाचा आहेर, भांडण झाल्यावर आणलेली फुलं, सगळं 'इतर'. वडिलांनी कधी विचारलं नाही. 'इतर' हा मराठीतला सर्वात प्रेमळ शब्द आहे.

कोल्हापुरी साज
आईच्या वहीत 'वरखर्च' असायचा. चांगला शब्द आहे, का सोडता? हातखर्च एकट्याचा, वरखर्च घराचा. त्यात फुलपुडी, पाहुण्यांसाठी आणलेली भजी, रिक्षा, सगळं बसतं आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. 'चोचले', 'थेर', 'चूष' हे शब्द दुसऱ्याच्या खर्चासाठी राखीव. आपली ती हौस, जावेचे ते चोचले.

पोहेवाली
नमस्कार. मी 'इंदूरची मराठी'. आज डब्याच्या वेळेला हा धागा सापडला. काही खुलासे.

एक तर मी हौस शब्दाला नाही म्हटलं नव्हतं. ऑफिसातल्या हिंदी मैत्रिणीला मी 'माझी हौस' सांगायला गेले आणि तिचे डोळे विस्फारले, एवढंच सांगितलं होतं. माझी आजीही हौसच म्हणायची, देवासची होती.

दुसरं, चैन मी विचार करून लिहिलं. दिवसभर ऑफिस, मग हिंजवडीची वाहतूक, मग घर. शनिवारी रात्री दोघं गॅलरीत मोबाइल आत ठेवून कुल्फी खातो तेव्हा मला चैन पडते. केलेली नाही, पडलेली. पारिजात यांना कळलं, घरात कळत नाही.

आणि मुख्य भांडण त्यांनी लिहिलंच नाही. माहेरून येणारं जिरावणाचं, म्हणजे पोह्यावर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याचं, पाकीट ते या शेवटच्या रकान्यात टाकतात! पोह्यावर जिरावण नसेल तर ते पोहे नव्हेत. ते किराण्यात पाहिजे. यांची मिसळीची तर्री पण मग आवश्यक वस्तू नाही.

उंबरठा
जिरावणाशिवायही पोहे होतात. महाराष्ट्रात शेकडो वर्षं होताहेत.

वऱ्हाडी ठेचा
होतात, पण तर्रीशिवाय नाही. नागपुरात येऊन पाहा, चण्याची तर्री पोह्यावर. जिरावण अन् तर्री, दोन्ही किराण्यात टाका अन् मोकळे व्हा.

ओटीभरण
माहेरून आलं म्हणता, तर त्याचे पैसे लागतात का? आहेर असेल तर खर्चात येतंच कसं?

पोहेवाली
आई पाठवते तेव्हा नाही. मध्येच संपतं तेव्हा कुरिअरने मागवावं लागतं. कुरिअरचे पैसे पाकिटापेक्षा जास्त.

निवृत्त मास्तर
मग पाकीट किराण्यात आणि कुरिअर चैनीत.

कोल्हापुरी साज
कुरिअर वरखर्चात! मास्तर, तुम्ही परत चैनीवर आलात.

शुद्धलेखक
'किराणा' हा शब्द निदान शुद्ध आहे याची नोंद घ्यावी. संस्कृत 'क्रयाणक', म्हणजे विकाऊ माल. एवढं मान्य करायला हरकत नसावी.

पारिजात
मान्य. पण आमच्याकडे दादरला लहानपणी किराणा कुणी म्हणत नसे, 'वाणसामान' म्हणत. वाण्याकडचं सामान. महिन्याची यादी असायची आणि तिच्या शेवटी बाबा गुपचूप 'लिमलेटच्या गोळ्या' लिहायचे.

बडोदेकर
वाणसामानात 'वाण' वाण्याचा कशावरून? संक्रांतीला वाण लुटतात तो वाणही असू शकेल.

पारिजात
बडोदेकर, कृपया.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे वाणसामान म्हटलं तर दुकानदार हळदीकुंकवाचं सामान काढून देईल. किराणाच. अन् गहू-ज्वारी घ्यायची तर ते भुसार, ते किराण्यात नाही येत. उंबरठाभाऊ, तुमच्या तक्त्यात भुसारचा रकाना आहे का?

उंबरठा
आम्ही पाच-पाच किलोचा आटा आणतो हो, तयार.

ओटीभरण
तयार आटा? याला म्हणतात चैन.